घरातल्या माणसाला सांभाळताय? सरकारचा पैसा कुठून आणि कसा मिळवायचा

"पैसे तुमच्या नावावर नाही येणार, मावशी. काकांच्या नावावर येतील." सेतू केंद्रातल्या मुलाने असं सांगितलं आणि आमच्या शेजारच्या मावशींचा चेहरा पडला. काकांना लकवा झाल्यापासून त्यांचं सगळं अंथरुणातच. त्यापायी मावशींनी धुण्याभांड्याची चार घरं सोडली. सांभाळणाऱ्याला सरकार पगार देतं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

असा महिन्याचा पगार आपलं राज्य सरकार देत नाही, हे आधी समजून घ्या, म्हणजे चुकीच्या खिडकीवर उभं राहायची वेळ येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्ता लिहिलेला आहे. पण सरकारच्या 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असंही तिथेच लिहिलंय, आणि घोडं तिथेच अडतं. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेत सांभाळणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपये ठेवले. आपल्याकडे जे मिळतं ते आजारी किंवा दिव्यांग माणसाच्या नावाने. चूल एकच असेल तर तेही थोडं नाही.

सगळ्यात आधी टक्केवारी

पुढची बहुतेक दारं एकाच कागदाने उघडतात : दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्याबरोबरचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, आधार आणि फोटो जोडायचा, यादीतून रुग्णालय निवडायचं आणि तपासणीला बोलावलं की जायचं. कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. लकव्याने हातपाय गेले असतील तर तेही अस्थिव्यंगात बसतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचे दोन आकडे लक्षात ठेवा, ४० आणि ८०. चाळीसच्या आत असलेल्यांना पांढरं कार्ड मिळतं आणि त्यावर फारसं काही पदरात पडत नाही. ४० ते ७९ ला पिवळं, ८० पासून पुढे निळं.

तपासणीला जाताना माणूस आणि आधार कार्ड एवढंच नेऊ नका. डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट, फिजिओथेरपीच्या नोंदी, सगळं तारखेप्रमाणे लावून न्या. आणि तोंडाने खरं सांगा. माझ्या धाकट्या भावाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. डॉक्टरांनी "स्वतः जेवतो का?" विचारलं, तर मी कौतुकाने "हो हो" म्हणाले. घास कालवून ताट पुढे ठेवावं लागतं, हे सांगायचंच राहिलं. आपल्या माणसाची लाज राखायची सवय इथे नडते. प्रमाणपत्र हातात आलं की ते कायमस्वरूपी आहे की ठरावीक मुदतीचं, हे तिथेच वाचून घ्या.

तहसील कुठली?

पुढे सांगितलेल्या निराधार अनुदानाचा अर्ज तहसीलदारांकडे जातो, म्हणून आपली तहसील माहीत हवी. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे तालुक्यात येते. म्हणजे वाशीच्या माणसाचा अर्ज ठाण्याच्या तहसीलदारांकडे जातो. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, आणि जिल्हा रायगड. पत्त्यात 'नवी मुंबई' लिहिलंय म्हणून फसू नका. खारघरच्या एका बाईंना ठाण्याला येऊन हात हलवत परत जाताना मी पाहिलंय.

निराधार अनुदान

संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ वर्षांखालच्यांसाठी, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन त्यापुढच्यांसाठी. रक्कम महिना १,५०० रुपये. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २०२५ मध्ये २,५०० झाली. अर्जदार महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिलेला हवा. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,०००. महिन्याचे चार हजार दोनशेही नाही झाले ते! ठाण्यात तेवढ्यात खोलीचं भाडंही निघत नाही. त्यामुळे बारा-पंधरा हजार पगार असलेलं घर इथे बसत नाही आणि आयकरातही त्याला काही सुटत नाही. मधल्यामध्ये लटकतात ते हेच लोक.

बसत असाल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आधार, रेशन कार्ड आणि पासबुक जमवा. अर्ज 'आपले सरकार'वर किंवा सेतू केंद्रातून होतो, मंजुरी तालुक्याच्या समितीकडून येते. पोचपावती घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

मंजुरीनंतर मावशींच्या बाबतीत भलतंच घडलं. पासबुकात चार महिने एक रुपया दिसेना. पैसे येत होते, पण दुसऱ्याच खात्यात. थेट लाभाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधारशी जे खातं शेवटी जोडलं गेलं त्यात जमा होते. काकांनी कामावर असताना एका बँकेत खातं काढलं होतं, आधार त्याला चिकटलेलं राहिलं. म्हणून अर्ज करण्याआधी बँकेत जा आणि आधार कुठल्या खात्याशी मॅप आहे ते विचारा. दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान थांबतं.

कर भरत असाल तर

अवलंबून असलेला जोडीदार, मूल, आई-वडील किंवा भावंडं यांपैकी कुणाचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०डीडीखाली उत्पन्नातून ७५,००० रुपये वजा होतात. ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. प्रत्यक्ष खर्च किती झाला याला महत्त्व नाही, पूर्ण रक्कम वजा होते. मात्र फक्त जुन्या करप्रणालीत, आणि आता न सांगता नवीच लागू होते. दोन्हींचा हिशेब मांडूनच ठरवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आहे, तिथे कलमाचा आकडा वेगळा.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर

राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा 'निरामय' आरोग्य विमा घ्याच. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत धरतात. न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज होतो.

मूल अठराचं झालं की कायद्याने ते सज्ञान, आई-वडीलही आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत अडकायचं नसेल तर कायदेशीर पालकत्व घ्या. त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा, कोर्टात नाही. मी हे आईच्या पश्चात केलं. आई असतानाच केलं असतं तर तिची सही असती आणि माझे हेलपाटे वाचले असते.

महापालिकेला विसरू नका

स्थानिक संस्थांना स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्चावे लागतात. त्यातून काय चालू आहे ते दरवर्षी बदलू शकतं. ठाणेकरांनी पालिकेच्या समाजविकास विभागात विचारावं. नवी मुंबईकरांनी वाशीच्या ईटीसी केंद्रात, म्हणजे पालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्रातही चौकशी करावी. जाताना यूडीआयडीच्या दोन झेरॉक्स आणि पासबुकाचं पहिलं पान न्या. "उद्या घेऊन या" ऐकायला लागू नये एवढंच.