ताजमधल्या दोन रात्री : आई-बाबांना नेण्याआधीची तयारी

गेटवेसमोर उभं राहून मागे ताजचा घुमट येईल असा काढलेला फोटो मराठी घरांतल्या कितीतरी अल्बममध्ये सापडेल. शाळेची सहल असो, लग्नानंतरची पहिली मुंबई असो, फोटो बाहेरूनच. आत जायचं धाडस फारसं कुणी केलेलं नसतं. आई-बाबांच्या लग्नाच्या मोठ्या वाढदिवसाला त्यांना त्याच इमारतीत राहायला न्यायचं ठरवलं असेल, तर दोन रात्रींचंच ठरवा. खोली साधारण दुपारी दोनला ताब्यात मिळते आणि दुपारी बाराला सोडावी लागते. एका रात्रीत त्यांचा संकोच जाईपर्यंतच निघायची वेळ होते.

बुकिंग करताना सगळ्यात आधी बघायचं ते खोली कुठल्या इमारतीत आहे हे. कुलाब्याच्या ताजमध्ये दोन इमारती आहेत. घुमटाची जुनी ती पॅलेस, 1903 ची. तिच्या शेजारची उंच ती टॉवर, 1973 ची. टॉवरमधून समुद्र छान दिसतो आणि दरही सहसा कमी असतो. पण आई-बाबांनी आयुष्यभर बाहेरून पाहिली ती जुनी इमारत, म्हणून पैसे थोडे जास्त गेले तरी पॅलेसच घ्या, हे माझं ठाम मत आहे. त्यातही समुद्राकडची खोली जमली तर उत्तम. समुद्राकडची बाजू पूर्वेची, त्यामुळे खोलीतून दिसतो तो सूर्योदय. सूर्यास्तासाठी टॅक्सी करून मरीन ड्राइव्हला जावं लागतं. आपल्याकडची वडीलधारी मंडळी पहाटे पाचलाच उठतात, तेव्हा सूर्योदयाची खिडकी त्यांना जास्त उपयोगाची.

दर बघताना करांसकट बघा. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर 18 टक्के जीएसटी लागतो आणि अशा हॉटेलांतल्या खाण्यावरही तितकाच. नाश्ता धरलेला आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या, कारण नाश्ता वेगळा घेतला तर चौघांचा आकडा चांगलाच फुगतो. खोलीत शिरताना कार्डावर अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतात. कार्डाची मर्यादा त्या हिशेबाने मोकळी ठेवा.

दिवस निवडताना 31 डिसेंबरच्या आसपास अजिबात जाऊ नका. गर्दीमुळे गेटवेकडचे रस्ते बंद करतात आणि म्हाताऱ्या माणसांना पायपीट होते. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव असतो, तेव्हा त्या भागात पाय ठेवायला जागा नसते. थंडीतला कामाचा वार सगळ्यात बरा. पण माझ्या मनातला मोसम पावसाळ्याचा. दर उतरलेले असतात आणि भरतीच्या वेळी अपोलो बंदराच्या कठड्यावर लाटा फुटताना खिडकीत बसून बघता येतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून दिवस निवडलात तर फारच छान. एलिफंटाला जायचंच असेल तर मात्र पावसाळा नको, आणि सोमवारी लेणी बंद असतात. लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर तो बेत सोडून द्या.

जाण्याच्या आठवडाभर आधी हॉटेलला फोन करा. या एका फोनने निम्मी तयारी होते. बाथटबची उंच कड ओलांडून आंघोळ करणं सत्तरीतल्या माणसाला धोक्याचं असतं, म्हणून वेगळा शॉवर असलेली खोली मागा. न घसरणारी पायपुसणी आणि आंघोळीला बसायला स्टूल मागा. लिफ्टजवळची खोली मागा, नाहीतर पॅलेसच्या लांब मार्गिकांमधून चालता चालता बाबा दमतात. चतुर्थी-एकादशी येत असेल, कांदा-लसूण चालत नसेल, मधुमेह असेल, तर तेही सांगून ठेवा. उपासाला काय मिळेल हे आधी ठरलेलं असलं की आई टेबलावर नुसतं दूध पिऊन उठत नाही. लग्नाचा वाढदिवस आहे हेही सांगा, आणि केकमध्ये अंडं नको असेल तर तेही त्याच वेळी.

बॅग छोटी ठेवा. दारावर सामान यंत्रातून जातं आणि माणसांचीही तपासणी होते. चार पिशव्या आणि वर एक बोचकं असलं की आई-बाबांना उगाच अवघडल्यासारखं होतं. प्रत्येकाचं आधार कार्ड मूळ प्रत म्हणून हाताशी ठेवा, पॅन कार्ड पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही. औषधं दोन दिवस जास्तीची आणि हातातल्या पिशवीत. आईची एक रेशमी साडी जरूर घ्या. घडी मोडलेली असेल तर खोलीत इस्त्री मागवता येते, धुलाईला दिली तर मात्र पैसे पडतात. बाबांना बंद बूट आणि एक पूर्ण बाह्यांचा शर्ट. संध्याकाळी जेवायच्या जागी चप्पल आणि अर्धी चड्डी शोभत नाही. एसी फार गार असतो, त्यामुळे शाल आणि मोजे विसरू नका. चिवड्या-लाडवाचा छोटा डबा नेला तरी काही बिघडत नाही, पहाटेच्या चहाबरोबर त्यांना तोच लागतो.

पोचल्यावर त्यांना एकदा खोली नीट दाखवा. किटली, चहा-कॉफीची पाकिटं, ठेवलेलं पाणी हे सगळं आपलंच आहे. फ्रिजमधल्या गोष्टींचे पैसे लागतात. हे स्पष्ट सांगितलं नाही तर ती दोघं कशालाच हात लावत नाहीत, तहानलेली बसतात. दिवे कुठून बंद होतात, गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला वळवायचा, हेही करून दाखवा. माझे बाबा पहिल्या दुपारी खुर्ची खिडकीशी ओढून बसले आणि एलिफंटाला जाणाऱ्या लाँच मोजत राहिले. कुठे बाहेर जाऊया का म्हटलं तर म्हणाले, "थांब रे, ती भगव्या पट्ट्याची अजून परत आली नाही." तिथून पुढचा ठरवलेला कार्यक्रम मी गुंडाळून ठेवला. म्हणून सांगतो, दिवसाला बाहेरचं एकच काम ठेवा.

इमारतीची थोडी माहिती करून घेणं हाही तयारीचाच भाग. जमशेटजी टाटांनी बांधलेलं हे हॉटेल 16 डिसेंबर 1903 ला उघडलं, तेव्हा समोर गेटवे नव्हतंच; ते पुरं झालं 1924 मध्ये. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरं होण्याआधीच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेलं. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि म्हणून वास्तुविशारदाने जीव दिला, ही गोष्ट तुमच्याही कानावर आली असेल. ती खरी नाही. मुख्य दार शहराच्या बाजूला होतं, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे, आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं होतं. वैद्यांचं नाव आपल्या मराठी घरांत फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते. आई-बाबांना ते जिन्यापाशी उभं राहून सांगा. तो मधला तरंगता जिना खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांच्या आरेखनाचा, आणि त्याच्या पायथ्याशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. जिना चढताना मध्येच थांबून मान वर करून घुमटाच्या आतली बाजू बघायला लावा, आणि उतरताना लिफ्ट घ्या. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत 600 खाटांचं इस्पितळ होतं, हे ऐकून आमची आई बराच वेळ मार्गिकेकडे बघत होती.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आई-बाबांनी टीव्हीसमोर जागून काढलेली असणार. घुमटाखालून निघणारा धूर त्यांना आठवतोच. तेव्हा तो विषय टाळू नका. हॉटेलात 31 जणांचा जीव गेला, त्यांत पाहुण्यांना वाचवताना गेलेले कर्मचारीही होते. त्या सगळ्यांची नावं लॉबीतल्या स्मारकावर कोरलेली आहेत. टॉवर महिन्याभरातच, 21 डिसेंबरला उघडला. पॅलेसला मात्र पावणेदोन वर्षं लागली, ती पुन्हा उघडली 15 ऑगस्ट 2010 ला. आज हात फिरवतो ते लाकूड, बघतो ते छत कारागिरांनी त्या काळात परत उभं केलेलं आहे. मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी हॉटेल इमारतीची फेरी ठेवतं; वेळ पहिल्याच दिवशी विचारून नाव नोंदवा.

खाण्यापिण्यात एकच जागा आधी राखून ठेवा, पहिल्या मजल्यावरचं सी लाउंज. दुपारचा चहा, समोर गेटवे, आणि चक्क भेळ-शेवपुरी. मुंबईतल्या कितीतरी घरांची मुलगी बघण्याची भेट याच टेबलांवर झाली आहे. खिडकीचं टेबल हवं असं फोनवर आधीच सांगा. 1933 चा हार्बर बार जुना आणि देखणा आहे. जायचं असेल तर ड्राय डे बघून घ्या, आणि बरोबरची नातवंडं पंचविशीच्या आतली असतील तर हार्ड ड्रिंक त्यांना मिळणार नाही. बाकी जेवणं बाहेर करायलाही हरकत नाही.

बाहेरचं एक काम म्हणाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, टॅक्सीने काही मिनिटांवर. गेटवेचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचीच ती इमारत. आत बसायला बाकं आहेत, हे महत्त्वाचं. सकाळी लवकर पोचलात आणि खोली तयार नसेल तर सामान हॉटेलात ठेवून आधी तिथेच जा.

पुण्याहून येणाऱ्यांना सव्वासातची डेक्कन क्वीन सोयीची, सीएसएमटीहून पुढे काळी-पिवळी. विमानाने येत असाल तर आता मेट्रो तीन विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवरून थेट हुतात्मा चौकापर्यंत येते, पण सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर टॅक्सीच घ्या.

पन्नास-शंभराच्या सुट्या नोटा जवळ असू द्या. टीप बाबांच्या हातून द्यायला लावा, त्यांना ते आवडतं. बिल मात्र आदल्या रात्री तुम्ही एकट्याने खाली जाऊन तपासा, म्हणजे आकडा त्यांच्यासमोर निघत नाही. निघायच्या दिवशी बारानंतर सामान हॉटेलातच ठेवायला द्या. परतीची डेक्कन क्वीन पाच दहाची. सव्वाचारला टॅक्सीत बसा, आणि आरक्षण करताना सगळ्यांच्या जागा एकाच डब्यात आहेत ना, ते बघून घ्या.