घरात बंदुकीचे फोटो काढताना

फोटो काढताना डोळे उजेडावर आणि फोकसवर असतात, बंदुकीवर नाही. म्हणून कॅमेरा हातात घेण्याआधीच ती पूर्ण रिकामी करा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा.

पिस्तुलाचं मॅगझिन (काडतुसांची पेटी) आधी काढायचं, मगच स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढायची. उलट केलंत तर चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीतलं) काडतूस बाहेर पडतं, पण पुढे जाणारी स्लाइड मॅगझिनमधलं दुसरं काडतूस आत ढकलते. त्यानंतर मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं वाटतं, आणि ते भरलेलं असतं! स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहा, करंगळीने चाचपा. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर (काडतुसांचा फिरता भाग) बाहेर काढून प्रत्येक घर बघा. नळीखाली ट्यूब असलेल्या शॉटगनमध्ये चेंबर रिकामा दिसला तरी ट्यूबमध्ये काडतुसं राहू शकतात. बंदूक खाली ठेवून पुन्हा उचलली की पुन्हा तपासा, मध्ये फक्त लेन्स बदलली असली तरी.

रिकामी बंदूकही भरलेलीच समजून धरायची. खोल्यांमधल्या पातळ भिंती गोळी अडवत नाहीत, त्यामुळे भिंतीपलीकडे कोण आहे हे ध्यानात घेऊनच नळीची दिशा ठरवा. नळी थेट कॅमेऱ्याकडे असलेला फोटो हवाच असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, बटण बाजूला उभं राहून रिमोटने दाबा आणि कॅमेऱ्यामागे कोणालाही थांबू देऊ नका. बोल्ट रायफल असेल तर बोल्टच, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, काढून ठेवा. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात बंदूक, असं कधीच नको: एक हात बटण दाबतो तेव्हा दुसऱ्या हाताची बोटंही नकळत आवळली जातात. बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) बाहेर, बंदुकीच्या सांगाड्याला लागून सरळ ठेवा.

बंदूक टांगण्यासाठी नायलॉनचा दोरा ट्रिगर गार्डमधून ओवू नका. टेकू म्हणून वाळूच्या छोट्या पिशव्या उत्तम. बंदूक घसरलीच तर पडू द्या. झेलायला गेलं की बोट ट्रिगरवर जातं.

फोटोत काडतुसं हवी असतील तर दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेली डमीच वापरा. खरी आणि डमी एका डब्यात कधीही ठेवू नका.

घामाने लोखंड गंजतं, म्हणून शेवटी तेलाचं फडकं फिरवा आणि बंदूक लगेच कुलपात ठेवा. बंदूक पुन्हा भरल्यावर ‘अजून एकच फोटो’ सुचला, तर सगळी तपासणी पहिल्यापासून. फोटो कुणाला पाठवण्याआधी त्यातली लोकेशनची माहिती काढून टाका आणि बंदुकीचा क्रमांक झाका.