डबल मेजर करायचं की नाही, हे कागदावर कसं ठरवायचं

दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक कागद होता. आठ सेमिस्टरचे आठ चौकोन, त्यात पेन्सिलने लिहिलेले कोर्स, आणि खोडरबर मारून मारून सहाव्या चौकोनातला कागद इतका पातळ झालेला की पलीकडचं दिसायचं. इकॉनॉमिक्स माझं मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, होतंच, जोडीला गणितही पूर्ण मेजर म्हणून करायचं डोक्यात बसलं होतं, आणि त्याआधीचे चार-पाच महिने मी नुसती करू का नको, करू का नको करत झोप घालवली होती, ह्याला विचार, त्याला विचार, जो तो आपापलं सांगणार. कागद घेऊन बसले तेव्हा दोन संध्याकाळी पुरल्या. म्हणून ह्या पेचात कोणी असेल तर मी आधी हेच सांगते की कागद घ्या. विषय आवडतो का हा प्रश्न नंतर बघू, दोन्ही आवडतात म्हणूनच तर पेच पडलाय ना.

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण अर्धे लोक वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतात. डबल मेजर म्हणजे डिग्री एकच, सर्टिफिकेट एकच, फक्त त्यात विषय दोन पूर्ण केलेले. ड्युअल डिग्री म्हणजे दोन वेगळ्या डिग्र्या, आणि त्यासाठी क्रेडिट, म्हणजे कोर्स मोजायचं माप, साधारण एका कोर्सला तीन, जास्त लागतात, अमेरिकन पद्धतीत साध्या बॅचलर्सला साधारण १२० आणि ड्युअल डिग्रीला बहुतेक ठिकाणी १५० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक वर्ष जादा. आणि मायनर म्हणजे दुसऱ्या विषयाचे पाच-सहा कोर्स, १५ ते २० क्रेडिट. हे तिन्ही डोळ्यासमोर ठेवा, कारण डबल मेजर हवंय म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर मायनर हवं असतं, मलाही तेच हवं होतं, कळायला वेळ लागला एवढंच.

आता कागदावर पहिली ओळ लिहा. दुसरं मेजर मला कशासाठी हवंय, एका वाक्यात. दोन वाक्यं लागली तर थांबा, अजून तुमचं तुम्हालाच नीट कळलेलं नाही. जे वाक्य टिकतं ते साधारण असं असतं की मला जे काम करायचंय ते ह्या दोन विषयांच्या मधेच आहे, बायोइन्फॉर्मॅटिक्स करायचंय म्हणून बायोलॉजी आणि कॉम्प्युटर सायन्स, किंवा भाषा कॉम्प्युटरला कशी शिकवतात ह्यात काम करायचंय म्हणून लिंग्विस्टिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स. किंवा दुसरा विषय मला इतका खोलवर शिकायचाय की शेवटच्या वर्षाचे अवघड कोर्स केल्याशिवाय चैन पडणार नाही. ही दोन्ही चांगली कारणं आहेत. जे टिकत नाही ते म्हणजे रेझ्युमेवर भारी दिसेल. नोकरी देणारा माणूस बघतो की तुम्ही काय काय करून दाखवलंय, कुठला प्रोजेक्ट, कुठली इंटर्नशिप, आणि दोन मेजर धरायच्या नादात तीच इंटर्नशिप गेली तर रेझ्युमे हलकाच होतो.

अजून एक कारण असतं जे कोणी मोठ्याने बोलत नाही. एक विषय घरच्यांसाठी आणि एक माझ्यासाठी. मला ह्याबद्दल मनापासून वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. ह्यात चुकीचं काही नाही, घरच्यांना काळजी असते आणि ती खरी असते, पण ही तडजोड चार वर्षं तुमच्या एकट्याच्या अंगावर पडते, दोन्हीकडचे सबमिशन तुम्हीच करणार, जागरण तुम्हीच करणार. तेव्हा कागद भरून झाला की तोच घरी दाखवा. माझ्या एका मैत्रिणीने असंच केलं, तिला हिस्ट्री करायचं होतं आणि घरी अकाउंटिंगचा आग्रह होता, तिने आठही चौकोन टेबलावर मांडले आणि म्हणाली, बाबा, ह्यात इंटर्नशिपला जागा कुठे आहे ती मला दाखवा. बाबा बराच वेळ बघत बसले. शेवटी हिस्ट्री मेजर आणि अकाउंटिंगचे चार कोर्स असं ठरलं, तेही भांडण न होता. आधी वर्षभर ह्याच गोष्टीवरून रोज फोनवर रडारड चालायची.

आता आकडेमोड. मी अमेरिकन पद्धतीचे आकडे घेते, तुमचे वेगळे असतील तर ते घाला, रीत तीच. एकूण १२० क्रेडिट, म्हणजे आठ सेमिस्टरमधे प्रत्येकी १५. त्यातले समजा ४० सगळ्यांना सक्तीच्या जनरल कोर्सचे, ४० पहिल्या मेजरचे. उरले ४०. दुसरं मेजरही ४० चं असेल तर वरवर बघता बरोब्बर बसतं, आणि दोन्ही मेजरना चालणारे तीन कोर्स असतील तर ९ क्रेडिट वाचतात. म्हणजे चार वर्षांत तुमच्या मर्जीने घ्यायला फक्त तीन कोर्स. तीन! सहज म्हणून घेतलेला फिलॉसॉफीचा कोर्स, अचानक आवडलेलं सिरॅमिक्स, कोणीतरी भन्नाट शिकवतं म्हणून बसायची इच्छा, हे सगळं त्या तीनमधे. आणि एकही कोर्स नापास व्हायचा नाही की मधेच सोडायचा नाही. इंजिनिअरिंगसारखं जड मेजर असेल तर हे गणित बहुतेक वेळा तिथेच संपतं, कारण त्यात मेजरचेच क्रेडिट खूप जास्त असतात आणि मोकळी जागा आधीच नसते.

ते कॉमन कोर्स दोन्हीकडे धरतील हे मात्र गृहीत धरू नका. बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते की दोन मेजरमधे इतकेच कोर्स सामाईक चालतील, काही डिपार्टमेंट अजिबातच धरत नाहीत. हे दोन्ही डिपार्टमेंटच्या ॲडव्हायझरना, म्हणजे कोर्स निवडायला मदत करणाऱ्यांना, वेगवेगळं विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी "हो हो, चालेल" ह्यावर तिसऱ्या वर्षी काही उभं राहत नाही, ॲडव्हायझर बदललेला असतो. कॉलेजच्या सिस्टिममधे डिग्री ऑडिट असतं, त्यात बऱ्याचदा व्हॉट-इफ नावाचा पर्याय मिळतो, दुसरं मेजर घेतल्याचं नुसतं समजून ते दाखवतं की काय झालंय आणि काय राहिलंय. तो रिपोर्ट काढा, प्रिंट करा, कागदाला जोडा.

मग चौकोन भरायला घ्या, आणि सुरुवात शेवटाकडून करा. शेवटच्या वर्षाचा सगळ्यात अवघड कोर्स आधी आठव्या किंवा सातव्या चौकोनात टाका आणि त्याच्या आधी काय लागतं ते मागे मागे लिहीत या. गणिताचं घ्या, रिअल ॲनालिसिसच्या आधी प्रूफ, म्हणजे सिद्धता, लिहायला शिकवणारा कोर्स, त्याच्या आधी लिनिअर अल्जेब्रा, त्याच्या आधी कॅल्क्युलसचे दोन-तीन भाग, अशी साखळी लागते आणि एक कडी निसटली की पुढचं सगळं सरकतं. भाषेच्या मेजरचंही तसंच, शून्यातून सुरू केलं तर साहित्याच्या कोर्सला बसण्याआधी साधारण चार सेमिस्टर नुसती भाषा शिकण्यात जातात. त्यामुळे दोन्ही विषयांना अशी लांब साखळी असेल आणि दुसरी तुम्ही तिसऱ्या वर्षी सुरू करणार असाल तर क्रेडिट बसले तरी क्रम बसणार नाही.

त्याच्यावर, वरच्या पातळीचे कोर्स बऱ्याचदा वर्षातून एकदाच असतात. माझा सहावा चौकोन इथेच फाटायला आला. इकॉनॉमिक्सकडचा इकॉनोमेट्रिक्सचा दुसरा भाग आणि गणिताकडचं ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा, दोन्ही फक्त त्याच सेमिस्टरला, दोन्ही मंगळवार-गुरुवार साडेदहाला. मी मागच्या तीन वर्षांची टाइमटेबलं काढून बघितली, तीनही वर्षं तीच वेळ, म्हणजे पुढच्या वर्षी बदलेल ही आशाही नाही. ही जुनी टाइमटेबलं बघायची आयडिया कोणी सांगत नाही आणि तीच सगळ्यात उपयोगी पडते, कॉलेजच्या साइटवर ती बहुतेक असतातच. दोन्ही मेजरना प्रयोगशाळा असतील तर जास्तच बघा, दुपारचे तीन-तीन तास लॅब एकमेकांवर आपटतात. आणि शेवटच्या वर्षी दोन्ही डिपार्टमेंटना थिसिस किंवा मोठा प्रोजेक्ट लागतो का, एकच प्रोजेक्ट दोन्हीकडे चालतो का, हे आत्ताच विचारा. एकाच सेमिस्टरला दोन थिसिस लिहिणारी मुलं मी बघितलीयेत, मार्चमधे त्यांच्याशी धड बोलताही यायचं नाही.

चौकोन भरले की प्रत्येकाखाली तास लिहा. साधा हिशोब असा असतो की एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि वर निदान दोन तास घरचा अभ्यास. १५ क्रेडिट म्हणजे ४५ तास, १८ म्हणजे ५४. युरोपात ईसीटीएस पद्धत आहे, वर्षाला ६० क्रेडिट आणि एका क्रेडिटला एकूण २५ ते ३० तास, तिथेही पूर्ण वेळच्या नोकरीएवढंच काम होतं. आता ह्यात तुमची पार्ट-टाइम नोकरी घाला, प्रवास घाला, झोप घाला. ज्या चौकोनात १८ आलंय आणि वर नोकरीचे १५ तास आहेत तिथे लाल पेनने खूण करा. असा एखादा चौकोन निभतो, लागोपाठ तीन असतील तर तब्येत ढासळते.

पैशाचं थोडक्यात. ठरलेल्या लोडच्या वर क्रेडिट घेतले तर जादा फी आहे का, एक सेमिस्टर वाढलं तर किती खर्च, आणि स्कॉलरशिप किती सेमिस्टरपर्यंत चालते, ह्या तीन गोष्टी फी-ऑफिसमधून लेखी घ्या. स्कॉलरशिप आठ सेमिस्टरला संपत असेल आणि तुमचा कागद नऊवर जात असेल तर निर्णय तिथेच जवळजवळ झाला.

कागद जमला तरी लगेच फॉर्म भरू नका. दुसऱ्या विषयाचा एक मधल्या पातळीचा कोर्स करून बघा. पहिल्या वर्षाचा ओळख करून देणारा कोर्स सगळ्यांनाच आवडतो, त्यात मजेमजेच्या गोष्टी निवडून घेतलेल्या असतात. सायकॉलॉजी आवडली म्हणणाऱ्याने स्टॅटिस्टिक्स आणि रिसर्च मेथड्सचा कोर्स करावा, खरा विषय तिथे भेटतो. त्या कोर्सचा होमवर्क तुम्ही आधी उघडता की सगळ्यात शेवटी, एवढंच सेमिस्टरभर बघा. अमेरिकन कॉलेजात मेजर साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत जाहीर करायचं असतं, तेव्हा हा कोर्स तिसऱ्या किंवा चौथ्या सेमिस्टरला बसवा.

आणि तीच जोडी करणारं शेवटच्या वर्षाचं कोणीतरी शोधा. कसं वाटतंय असं विचारू नका, छानच आहे म्हणतील. काय सोडावं लागलं ते विचारा. एक्सचेंज सेमिस्टर, रिसर्च, खेळ, नाटक, जे काय असेल ते. मग ती गोष्ट तुमच्या यादीत कितव्या नंबरवर आहे ते बघा.

हे सगळं करून मला काय कळलं ते सांगते. मला पुढे इकॉनॉमिक्समधे पीएचडी करायची होती, आणि त्यासाठी गणित लागतं हे ऐकून मी मेजर धरून बसले होते. पण प्रोफेसरांना विचारल्यावर कळलं की तिथे बघतात ते ठराविक कोर्स, लिनिअर अल्जेब्रा, रिअल ॲनालिसिस, प्रॉबॅबिलिटी, आणि त्यातले मार्क. ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा आणि टोपॉलॉजी केलं नाही म्हणून तिथे काही अडणार नव्हतं. म्हणजे मला गणिताचे सहा कोर्स हवे होते, मी तेरा करायला निघाले होते. असंच मेडिकलचंही, अमेरिकेत मेडिकल स्कूलला अमुकच मेजर हवं असं नसतं, ठरलेले सायन्सचे कोर्स लागतात, ते कुठल्याही मेजरबरोबर करता येतात. तुमच्या एका वाक्यातल्या कारणाला नेमके कोणते कोर्स लागतात ते मोजा. चार-सहा निघाले तर मायनर घ्या, दहाच्या वर जात असतील आणि कागद जमत असेल तर बिनधास्त डबल मेजर करा, मनापासून करा, दोन विषय एकमेकांना उजेड दाखवतात तेव्हा जे होतं ते फार सुंदर असतं, मी गणिताच्या त्या सहा कोर्समधेही ते अनुभवलंय.

करायचं ठरलं तर एक काळजी घ्या, दुसऱ्या मेजरचे कोर्स अशा क्रमाने लावा की चौथ्या-पाचव्या सेमिस्टरला सोडलंत तरी हातात मायनर उरेल. आणि थांबायची तारीख आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागला की एवढ्याच्या खाली मार्क असतील किंवा तब्येतीची अशी अवस्था असेल तर सोडणार, असं स्पष्ट. नंतर थकलेल्या डोक्याने ठरवायला गेलं की इतकं केलंय तर ओढू, असंच होतं. सोडायचा फॉर्म बहुतेक ठिकाणी एका पानाचा असतो. माझा तर अर्ध्या पानाचाच होता, दुपारी भरला आणि संध्याकाळी सहाव्या चौकोनात पेनने इकॉनोमेट्रिक्स लिहिलं.