फारसी हस्तलिखित तपासताना या चुका टाळा

फारसी हस्तलिखित हाती आलं की बहुतेक जण आधी चित्रं शोधतात, मग ग्रंथ कुणाचा ते विचारतात. कवी फिरदौसी की हाफिज, एवढं कळलं की काम झालंसं वाटतं. पण समोरची प्रत कुणाकुणाकडे फिरली हे मजकुरात सापडत नाही. ते कागद, समास, बांधणी आणि शिक्क्यांवरून कळतं, आणि नेमक्या त्याच खुणा निष्काळजीपणानं नाहीशा होतात.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या पानाचं होतं. पुस्तक उजवीकडून उघडतं आणि मजकूर बहुधा पहिल्या पानाच्या मागच्या बाजूवर सुरू होतो. पुढची बाजू कोरी सोडलेली असते, म्हणून मालकीच्या नोंदी, शिक्के, किमतीचे आकडे तिथेच गोळा होतात. हे पान खराब समजून त्याचा फोटो काढला जात नाही, किंवा नवी बांधणी करताना ते थेट पुठ्ठ्याला चिकटवलं जातं. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत मुहम्मद जूकी या तैमूरच्या वंशातल्या शहजाद्यासाठी आजच्या अफगाणिस्तानातल्या हेरातला पंधराव्या शतकात तयार झालेला शाहनामा, म्हणजे फिरदौसीच्या महाकाव्याची प्रत, आहे. त्यावर बाबर, हुमायून, जहांगीर, शाहजहान आणि औरंगजेब यांचे शिक्के आहेत. नुसती चित्रं बघून हा प्रवास कुणालाही सांगता आला नसता.

दुसरी चूक सनाची. हिजरी वर्ष चांद्र, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान. त्यात सरळ 622 मिळवले की उत्तर चुकतं. आधी हिजरी आकड्याला 33 नं भागा, आलेली संख्या मूळ आकड्यातून वजा करा आणि मग 622 मिळवा. 1037 हिजरी घ्या. सरळ बेरीज 1659 देते, म्हणजे शाहजहान आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत असतानाचा काळ. नीट हिशेब केला की 1627-28 येतं, त्याच्या राज्यारोहणाचं वर्ष. मोडी कागद वाचणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी असते. आदिलशाही आणि शिवकालीन पत्रांतल्या सुहूर सनाला, म्हणजे दख्खनेत चालणाऱ्या सौर सनाला, 599 किंवा 600 मिळवायची त्यांच्या हाताला सवय असते, आणि तोच नियम हिजरीला लावला जातो. आधी सन कोणता ते ठरवा.

तारीख बरोबर लागली तरी नोंदीचा अर्थ चुकू शकतो. शाहजहाननं त्याच्या ग्रंथालयातल्या अनेक पुस्तकांवर स्वतःच्या हातानं लिहिलं आहे, की हे पुस्तक राज्यारोहणाच्या दिवशी, 8 जुमादा उस्सानी 1037 रोजी, संग्रहात दाखल झालं. त्या दिवशी कुणी पुस्तकांची खरेदी केली नव्हती. जहांगीरचा संग्रह वारशानं मुलाकडे आला, एवढंच. शिक्क्यांचंही तसंच. प्रत्येक शिक्का म्हणजे एक मालक असं मोजू नका. मुघल ग्रंथालयात पुस्तकांची वेळोवेळी तपासणी होई, ‘अर्ज-दीदा’ (पाहणी झाली) अशी नोंद पडे आणि दारोगा, म्हणजे देखरेख करणारा अधिकारी, आपला शिक्का उठवी. इनायत खान हा शाहजहानचा ग्रंथालय-दारोगा, पुस्तकांचा धनी नव्हे. शिवाय शिक्क्यातलं वर्ष तो कोरल्याचं असतं. तोच शिक्का पुढे कित्येक वर्षं वापरात राही.

पानं पूर्ण आहेत का हे पेन्सिलीच्या क्रमांकांवरून ठरवू नका. ते पुष्कळदा पानं गळून गेल्यावर कुणीतरी घातलेले असतात. पानाच्या मागच्या बाजूला, खाली डाव्या कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो, त्याला रकाबा म्हणतात. तो पुढच्या पानाशी जुळतो का, हे एकेक करून बघा. समास कापून बांधणी केली असेल तर रकाबाही कापला जातो. मग काव्यात यमक आणि कथेचा ओघ यांवरच भिस्त ठेवावी लागते. समासात ‘या कबीकज’ दिसलं तर ते मालकाचं नाव समजू नका, ती कसरीपासून रक्षण व्हावं म्हणून घातलेली साद आहे.

मजकुराभोवतीच्या चौकटीतली हिरवी रेघ जंगालाची, म्हणजे तांब्याच्या हिरव्या गंजापासून केलेल्या रंगाची, असेल तर तिथे कागद जळल्यासारखा तपकिरी होऊन रेघेवरच चिरतो, कधी मधला मजकूर खिडकीसारखा सुटून येतो. इथे सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही घातक. ओला बोळाही फिरवू नका. पान सपाट आधारावर ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. शिक्का खरवडलेला वाटला तर तिरप्या प्रकाशात फोटो घ्या.

आणि चित्रं सुटी करू नका. इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्यासाठी तब्रीझमध्ये तयार झालेल्या शाहनाम्यात 258 चित्रं होती. 1568 मध्ये तो ऑटोमन सुलतान दुसऱ्या सलीमला भेट गेला आणि शतकानुशतकं अखंड राहिला. 1959 मध्ये तो अमेरिकन संग्राहक आर्थर हॉटन यांनी घेतला आणि पुढे त्याची पानं वेगळी होऊन विखुरली. 1994 मध्ये उरलेला ग्रंथ आधुनिक चित्रकार डी कूनिंगच्या एका चित्राच्या बदल्यात इराणला परत मिळाला, तेव्हा त्यात 118 चित्रं होती. तुमच्याकडे सुटं पान असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, लांबी-रुंदी, ओळींची संख्या, चौकटीचं माप आणि रकाबा लिहून ठेवा. त्याचं भावंड दुसऱ्या संग्रहात निघालं तर ओळख याच गोष्टींवरून पटेल.