ओआराइची पहाट: समुद्रातून उगवणारा सूर्य टिपायचा कसा

मी गुहागरची. आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो मागच्या डोंगरावरून, आणि माडांच्या शेंड्यांवर येईपर्यंत घरात चहाची दुसरी फेरी झालेली असते. तोक्योत निशी-कासाईला राहायला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात कॅमेरा घेऊन ओआराइला गेले ती हीच सवय घेऊन. आणि सपशेल फसले.

मावळतीचा फोटो काढणाऱ्याला सूर्य तासभर आधीपासून समोर दिसत असतो. तो खाली येतो तसं आपण वाळूवर चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे सरकतो. उगवतीला समोर नुसता काळोख. सूर्य दिसला की जागा बदलायला वेळच उरत नाही, कारण बिंब पाण्यातून पूर्ण वर यायला अडीच-तीन मिनिटंच लागतात. म्हणून तो कुठून येणार हे घरूनच ठरवून निघायचं. या सहलीतलं निम्मं काम कागदावरचं आहे.

ओआराइ हे तोक्योच्या ईशान्येला इबाराकी प्रांतातलं समुद्रकाठचं गाव. तिथलं ओआराइ इसोसाकी देवस्थान इसवी सन ८५६ मधलं. देऊळ टेकडीवर, आणि खाली पॅसिफिकच्या लाटांत, खडकावर एक कमान उभी आहे. तिला कामिइसो नो तोरिई म्हणतात. देव याच खडकावर उतरले अशी तिथली श्रद्धा आहे. सध्याची कमान १९६३ सालची. जपानच्या चित्रांत दिसते तशी ही लालभडक नाही, करडी आहे. फोटोला ते बरंच, कारण उगवतीसमोर ती आपसूक काळी होते.

जायचं कधी, यावर माझं मत ठाम आहे: डिसेंबर ते फेब्रुवारी. जूनमध्ये तिथं सूर्य चार-वीसच्या सुमारास उगवतो, म्हणजे तीनला उठा. शिवाय तेव्हा त्यांचा पावसाळा, आभाळ भरलेलं. हिवाळ्यात जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्फ पडत असतो तेव्हा या बाजूला कोरडं, निरभ्र. जानेवारीत सूर्योदय पावणेसातच्या पुढेमागे, म्हणजे माणसासारखं उठता येतं. फक्त एक जानेवारी टाळा. वर्षाचा पहिला सूर्य बघायला त्या दिवशी तिथं जत्रा असते आणि ट्रायपॉड उघडायलाही जागा मिळत नाही.

तोक्योहून पहाटेच्या गाडीने सूर्योदय गाठता येत नाही, तेव्हा आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. उएनोहून जोबान मार्गाची एक्सप्रेस मितोला सव्वा तासात पोचवते. तिथं काशिमा रिनकाइ रेल्वेचा डबा पकडायचा, पंधरा-एक मिनिटांत ओआराइ. ही रेल्वे जेआरची, म्हणजे जपानच्या मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या गटाची नाही, त्यामुळे पर्यटकांचा जेआर पास चालत नाही. रोख येन जवळ ठेवा. स्टेशनपासून देऊळ चालत पाऊण तास, आणि पहाटे बस नसते. म्हणून राहायची जागा स्टेशनजवळ न घेता देवळाच्या अंगाला घ्या. मी साध्या घरगुती मिनशुकूत उतरले होते. मासे खाणाऱ्यांची तिथं चंगळ आहे, हिवाळ्यात आंको नावाच्या बेढब माशाचं रटरटतं भांडं समोर येतं. शाकाहारी असाल तर मात्र आदल्या संध्याकाळीच दुकानातून उमेची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, ओनिगिरी (भाताचा मुटका) घेऊन ठेवा. उमे तोंडात धरल्यावर लिंबाच्या लोणच्याची आठवण येते, एवढं सुख पुरतं.

आता कागदावरचं काम. ओआराइला २१ जूनच्या सुमारास सूर्य उत्तरेपासून ६० अंशांवर उगवतो आणि २१ डिसेंबरच्या सुमारास जवळजवळ १२० वर. मधे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास जवळजवळ नेमका पूर्वेला, ९० वर. मी फेब्रुवारीच्या मध्याला गेले तेव्हा तो १०५ च्या आसपास होता. सूर्याची दिशा दाखवणारी ॲप्स आहेत, नकाशावर कमानीतून रेघ मारून देतात. ती रेघ उलटीकडे किनाऱ्यावर जिथं येते, तिथं तुमचा ट्रायपॉड. सूर्य उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकला की तुम्ही डावीकडे सरकायचं, आणि उन्हाळ्यात याच्या उलट. फोनचा कंपास चुंबकीय उत्तर दाखवतोय की खरी, हे सेटिंगमध्ये बघून घ्या. कोकणात हा फरक नसल्यातच जमा असतो, त्यामुळे आपल्याला तो माहीतच नसतो. तिकडे तो सात-आठ अंशांचा आहे, आणि तेवढ्यात सूर्य कमानीच्या बाहेर जातो.

मी फसले ती याच्याही पुढच्या गोष्टीत. रेघबिघ बाजूला ठेवून मी आकाश जिथं सगळ्यात तांबडं होतं तिथं कमान धरली. तांबडं फुटलंय म्हणजे तिथूनच येणार, हा आपला अडाणी हिशोब. सूर्य आला तो उजवीकडे, हात लांब करून धरला तर दोन बोटं पलीकडे. कारण असं की कोकणात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, पण जपान बरंच उत्तरेला असल्याने तिथं तो तिरका चढतो, उजवीकडे कलत. तांबडं फुटतं तेव्हा सूर्य क्षितिजाखाली आणि डावीकडे असतो. एक अंश वर चढला की पाऊण अंश उजवीकडे जातो. हे एकदा डोक्यात बसलं की ढगांचीही भीती राहत नाही. पॅसिफिकच्या क्षितिजावर ढगांचा पट्टा बरेचदा बसलेला असतो. तो बोटभर, म्हणजे दोन अंश जाड असेल तर सूर्य दहा मिनिटं उशिरा आणि दीड अंश उजवीकडे दिसणार. मग आपण दीड अंशाच्या हिशोबाने डावीकडे सरकायचं. ती दहा मिनिटं त्यासाठीच असतात.

सूर्योदयाच्या तासभर आधी किनाऱ्यावर हवं. निळा उजेड अर्धा तास आधी सुरू होतो आणि माझे सगळ्यात चांगले फोटो त्यातलेच आहेत, सूर्याचे नाहीत. अंधारात ऑटोफोकस नुसता चाचपडतो. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र, मोठा करून कमानीच्या आडव्या कडेवर हाताने फोकस लावा आणि पुन्हा रिंगला हात लावू नका. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल, दोन सेकंदांचा टायमर. फुटवेअर म्हणून गमबूट.

माझ्या शेजारी त्या दिवशी एक आजोबा उभे होते. लेन्सभोवती टॉवेल गुंडाळलेला, बोट शटरवर, पण दाबत काही नव्हते. मी मात्र प्रत्येक लाटेला एकेक फोटो काढत सुटले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मादा, मादा." मला आधी काही झेपलं नाही. मादा म्हणजे 'अजून नाही'. लाट आपटली, पांढरा फेस उडाला, तरी मादा. मग पाणी मागे सरायला लागलं, खडकांच्या फटींतून चारी बाजूंनी ओघळायला लागलं, तेव्हा ते म्हणाले, "हाइ." मी दाबलं. शटर अर्धा सेकंद उघडं. स्क्रीनवर प्रत्येक ओघळ वेगळा, दोऱ्यासारखा, आणि सगळे कमानीच्या पायाशी जाणारे. येणारी लाट टिपली की नुसता पांढरा गोळा मिळतो. दहा सेकंद ठेवलं तर सगळा धूर होतो, काहींना तो आवडतो, मला नाही. सूर्य वर आल्यावर उजेड इतका वाढतो की अर्ध्या सेकंदासाठी सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा करणारी काळी काच, लावावाच लागतो. आणि तुमच्या कॅमेऱ्यात आरशाचा व्ह्यूफाइंडर असेल तर मोठ्या लेन्समधून सूर्याकडे डोळा लावू नका, स्क्रीनवरच बघा.

भरती-ओहोटीचा तक्ता जपानचं हवामान खातं देतं, त्यात ओआराइ वेगळं असतं. पूर्ण ओहोटीला खडक फार उघडे पडतात. पाणी मध्यावर असताना बरं. भरतीचा चढउतार आपल्या कोकणापेक्षा कमी, पण लाटा जोरदार. आधी दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहा, सगळ्यात मोठी लाट कुठवर येते ते ओळखा आणि त्याच्याही मागे ट्रायपॉड लावा. कमानीच्या खडकावर जायचं नाही, ती देवाची जागा आहे. आणि पायाखाली जमीन हलली तर कॅमेरा तिथंच सोडून देवळाच्या पायऱ्या चढायच्या. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीचं पाणी या गावातही शिरलं होतं.

थंडी शून्याच्या आसपास. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, बाहेर ती निम्म्यात मान टाकते. लेन्सवर खारा तुषार बसला की कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडतात. गोड्या पाण्यात भिजवलेलं कापड आधी, कोरडं मग. परत आल्यावर कॅमेऱ्याची पिशवी लगेच उघडू नका, उबदार खोलीत काचेला घाम फुटतो. तासभर पडून राहू दे.

फोटो आप्पांना पाठवला तेव्हा गुहागरात रात्रीचे तीन वाजले होते. सकाळी त्यांचा निरोप आला: "कमान बरी आहे. पण देऊळ कुठंय?" दुसऱ्या खेपेला मी टेकडीवरचाही एक काढून आणला.

ट्रायपॉडचे पाय त्याच दिवशी धुवायचे असतात. मिनशुकूच्या बाईंनी न मागता मागच्या दारी बादली आणि नळ दाखवला. पायांचे जोड पूर्ण उघडून त्यातली वाळू काढली, तरी घरी आल्यावर सगळ्यात खालचा जोड फिरवताना करकरलाच.