शिंपले नदीत परत सोडताय? आधी या चुका टाळा

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. ताई, आम्हाला पण शिंपल्यांचं काम करायचंय, एका रविवारी होऊन जाईल ना? नाही होत भाऊ. गिरणा नदीच्या काठाला आणि गावातल्या उद्यानाच्या तळ्यात आमचा छोटासा ग्रुप हे काम करतो, आटत चाललेल्या डबक्यातले शिंपले उचलायचे आणि टिकणाऱ्या पाण्यात न्यायचे, काम एवढंच, पण त्यात करता येतील तेवढ्या चुका आम्ही करून बसलोय आणि आता नवीन पोरं त्याच चुका नव्या उत्साहाने करताना बघितली की डोकं उठतं.

आवर्तनाच्या पाण्याला नदीचं पाणी समजणे

आवर्तन म्हणजे धरणातून शेतीसाठी ठरावीक दिवस सोडलेलं पाणी. ही माझी स्वतःची चूक, म्हणून सविस्तर सांगते. डिसेंबर होता, गिरणेत गुडघाभर स्वच्छ पाणी, खाली वाळू आणि थोडा गाळ, अगदी पुस्तकात असते तशी जागा. कॉलेजची पोरं सोबत, १४० शिंपले मोजून आणलेले. काठावर एक भोई काका जाळं आवरत होते, ते म्हणाले, "ताई, हाई पानी आवर्तननं शे, चार दिनमा उतरी जाई." (म्हणजे हे पाणी आवर्तनाचं आहे, चार दिवसांत उतरेल.) मी हो हो म्हटलं आणि शिंपले सोडले, कारण पोरांची परतीची गाडी होती आणि फोटो पण काढायचे होते. खरं कारण हेच, उगाच दुसरं कशाला सांगू.

आठ दिवसांनी गेले तर तिथे कोरडी वाळू. वाळूवर रेघा होत्या, बोटाने ओढाव्यात तशा, शिंपले उतरत्या पाण्यामागे सरकत गेलेले आणि मधेच थांबलेले. कावळ्यांनी बाकीचं काम केलं होतं. ३१ जिवंत सापडले ते पण एका खडकाच्या सावलीतल्या ओलीत.

तेव्हापासून माझा नियम एकच, जागा मे महिन्यात बघायची आणि शिंपले हिवाळ्यात सोडायचे. जळगावकडचं ऊन ४५ च्या घरात गेल्यावर पण जिथे पाणी उरतं तो डोह खरा. धरणातून पाणी सुटलेलं असेल तर ते बंद होऊन पातळी बसेपर्यंत थांबायचं. आणि काठावरच्या माणसाचं ऐकायचं, त्याच्याकडे डिग्री नसेल पण नदी आहे. (मे मध्ये पाणी कुठे राहतं हे म्हशी बरोबर दाखवतात, फक्त त्या जिथे बसतात तिथेच शिंपले सोडू नका, तुडवले जातात.)

बादलीत खच्चून भरणे

बादलीभर पाण्यात ८०-९० शिंपले, वरून झाकण, बादली दुपारच्या उन्हात मोटरसायकलच्या मागे. तासाभरात पाणी कोमट, ऑक्सिजन संपला, एखादा आधीच मेलेला असला तर तो सगळं पाणी नासवतो. त्यापेक्षा पाणीच नको! नदीच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट, त्यात एका थरात शिंपले, वरून अजून एक ओलं गोणपाट, सगळं थर्माकोलच्या पेटीत. शिंपला मिटून घेतो आणि ओल असेल तर काही तास आरामात काढतो. आम्ही सकाळी सातला उचलतो आणि दहाच्या आत सोडतो, उशीर झाला तर त्या दिवशी उचलतच नाही. सोडताना पण एकदम फेकायचं नाही, पेटीत थोडं थोडं नवीन पाणी ओतत अर्धा-पाऊण तास बसायचं. हा अर्धा तास कोणालाच नको असतो, सगळ्यांना चहा आठवतो.

मोरचूद

उद्यानवाल्यांसाठी हे खास. तळं हिरवं झालं की माळी मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) टाकतो, शेवाळ जातं, पाणी काचेसारखं होतं आणि सगळे खूश. तांबं शिंपल्याला विष आहे, माशाला जेवढं सोसतं तेवढं पण याला सोसत नाही. एका तळ्यात आम्ही दोन वर्षं राबलो, तिसऱ्या वर्षी वाढदिवसाच्या कार्यक्रमासाठी कुणीतरी तळं 'साफ' केलं आणि पंधरा दिवसांत उघडी कवचं तरंगत काठाला. माळ्याचा दोष नाही, त्याला आम्ही सांगितलंच नव्हतं. आता काम सुरू करण्याआधी मी माळीदादांसोबत बसते, साहेबांसोबत नंतर. नदीकाठी केळीचे बाग असतील तर तिथे पण विचारा, फवारणीचे पंप कुठे धुतात, खताच्या गोण्या कुठे झटकतात. पोटॅश पाण्यात जास्त उतरलं तर तेही शिंपल्यांना चालत नाही.

मासे विसरणे

शिंपल्याची पिल्लं आधी माशाच्या कल्ल्यांना नाहीतर पंखांना चिकटून काही दिवस काढतात, मग खाली पडून तळाशी वाढतात. म्हणजे तळ्यात नुसते तिलापिया आणि डासांसाठी सोडलेले गप्पी असतील तर मोठे शिंपले वर्षानुवर्षं जगतील पण पिल्लं दिसतीलच असं नाही, आणि तुम्ही म्हणाल प्रकल्प यशस्वी. मी आधी जाळं टाकून मासे बघते, देशी मासे दिसले तरच पुढे.

बाकीचं पटापट

चाकू घालून उघडून बघू नका, आतला स्नायू फाटला की तो मेलाच. जिवंत आहे का बघायला बोट लावा, मिटला तर ठीक, उघडाच राहिला तर बाजूला काढा.

गोदावरीकडचे शिंपले आपल्या तापीच्या खोऱ्यात (गिरणा तापीलाच मिळते) आणू नका, फुकट मिळाले तरी नको.

मोत्याच्या शेतीसाठी नदीतून पोतं भरून नेणाऱ्यांनी कृपया आम्हाला फोन करू नये.

शिंपला तळात रोवताना त्याचा मांसल पाय खाली आणि पाणी ओढायची बाजू वर, पण कळत नसेल तर आडवा ठेवा, जिवंत असेल तर तो स्वतः रोवून घेतो. तुमच्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

परवानगी. तळं कोणाचं, नदीचा तो भाग कोणाकडे, हे आधी लेखी.

आणि नंबर, कोणता शिंपला कोणता हे नंतर ओळखायला कवचावर टाकायचा. नेलपेंटने लिहिलेला नंबर एका पावसाळ्यात जातो, मी कवच फडक्याने कोरडं करून छोटी प्लास्टिकची चकती फेविक्विकने चिकटवते आणि वहीत लांबी लिहिते. वही, मोबाईल नाही. माझा मोबाईल दोनदा गिरणेत पडलाय.