पिकअपच्या हौद्यात लाईट बसवताय? आधी स्विचचं ठरवा

रात्री वाशीच्या मार्केटला गाडी लावायची, एका हातात मोबाईलची बॅटरी, दुसऱ्या हातात चिठ्ठी, मग क्रेट उतरवायला तिसरा हात कुठून आणायचा राव? म्हणून हौद्यात लाईट पाहिजेच. माझ्या बोलेरो पिकअपला बसवली, मग ओळखीतल्यांच्या गाड्यांना बसवत गेलो, आणि दर वेळी कोणीतरी शेजारी उभं राहून तोच सल्ला देतं, "एवढी भानगड कशाला, टेल लाईटच्या वायरीला जोडून टाक ना."

अजिबात जोडायची नाही. एक तर मग पार्किंग लाईट लावल्याशिवाय हौद्यातली लाईट लागणार नाही. दुसरं म्हणजे हौद्यात पाणी शिरून शॉर्ट झालं की फ्यूज टेल लाईटचाच उडतो, आणि रात्री माळशेज घाटात मागचे लाल दिवे बंद असताना तुम्हाला पत्ताही नसतो. कंपनीच्या वायरिंगला कापायचं नाही, वेगळी लाईन ओढायची, विषय संपला.

लाईट कुठली? दुकानाच्या बोर्डात असतात ते १२ व्होल्टचे, रबरासारख्या मालात बंद केलेले एलईडी मॉड्यूल. एकेक साधारण दीड वॅटचा धरा, ८ लावले की १२ वॅट, म्हणजे १ अँपिअर. हौद्याला बास होतं. फाळक्याच्या वरच्या पट्टीखाली, उजेड खाली पडेल असे स्क्रूने बसवायचे. डबल टेपवर सोडू नका, एका उन्हाळ्यात लोंबायला लागतात.

वायर १ स्क्वेअर एमएमची, फ्यूज ३ अँपिअरचा, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. पुढे.

आता स्विच. इथेच माझी लागली होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा मी हौशीने पाच मीटरची एलईडी पट्टी लावली होती, मीटरला १४.४ वॅटवाली, म्हणजे ७२ वॅट, ६ अँपिअर. त्याला रिले लावला, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी, आणि वायरमनच्या सांगण्यावरून त्याचा स्विच टाकला अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हच्या बाजूला, का तर म्हणे वायर सोपी पडते. महिना-दोन महिने छान चाललं. मग एकदा संध्याकाळी माल भरला, ताडपत्री बांधली, गाडी अंगणात लावली आणि झोपलो, पहाटे चावी फिरवली तर नुसतं टक टक. ताडपत्रीखाली लाईट रात्रभर चालू, स्विच मात्र बंद! डोकंच चालेना. नंतर सापडलं, मागच्या स्विचची वायर जिथून हौद्यात वर येते त्या भोकाच्या काठाला घासून उघडी पडली होती. अर्थच्या बाजूला स्विच असला की रिलेला पॉझिटिव्ह कायम मिळत असतं, स्विच फक्त अर्थ देतो, आणि चासी म्हणजे अर्थच की, त्यामुळे वायर चासीला टेकली म्हणजे स्विच दाबल्यासारखंच झालं. फ्यूज तरी कशाला उडेल, त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर चाललंय. ६ अँपिअरने ८ तास म्हणजे ४८ अँपिअर-अवर गेले, बॅटरीत राहणार काय? शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून जंपर लावला, मार्केट हुकायचं थोडक्यात वाचलं.

त्यामुळे माझा नियम पक्का: स्विच पॉझिटिव्हच्याच बाजूला. तीच वायर तशीच घासली तर थेट शॉर्ट होतो, फ्यूज उडतो, लाईट जाते, बॅटरी वाचते. लाईट गेली तर तक्रार करता येते, रात्रभर गुपचूप जळत राहिली तर काय करणार? आणि रिलेचं खूळ १ अँपिअरला लागत नाही. हॉर्नला लागतो, मोठ्या फॉग लाईटला लागतो, ८ मॉड्यूलला नाही. कोणी लावाच म्हणालं तर त्याला आधी लोड किती आहे ते विचारा.

स्विच दोन हवेत, एक केबिनमध्ये, एक मागे फाळक्यापाशी. जिन्यातल्या दिव्यासारखं, कुठूनही लावा, कुठूनही बंद करा. त्यासाठी तीन पिनांचा टॉगल घ्यायचा. फ्यूजमधून आलेली वायर केबिनमधल्या स्विचच्या मधल्या पिनला, त्याच्या दोन बाजूच्या पिनांवरून दोन वायरी मागच्या स्विचच्या दोन बाजूच्या पिनांना, आणि मागच्याच्या मधल्या पिनवरून लाईटचं पॉझिटिव्ह. झालं. पण दुकानात नीट बघा, दिसायला सेम तीन पिनांचा आणखी एक टॉगल मिळतो, तो मध्ये थांबतो आणि मध्ये बंद असतो. तो घेतलात आणि एक स्विच मध्ये राहिला तर दुसरा कितीही वरखाली करा, काही होत नाही. मी त्या नादात अख्खा रविवार वायरी तपासत बसलो होतो, दोष दुकानदाराचा नाही, माझाच, दाबून बघितलाच नव्हता.

आणखी एक. जिन्याच्या वायरिंगमध्ये स्विच वर आहे की खाली यावरून लाईट चालू आहे का बंद ते कळत नाही, आणि माल भरला की मागच्या काचेतूनही दिसत नाही. म्हणून मागच्या स्विचच्या मधल्या पिनवरून तिसरी बारीक वायर परत केबिनमध्ये आणा आणि डॅशबोर्डवर १२ व्होल्टचा छोटा लाल इंडिकेटर लावा, त्याची दुसरी वायर अर्थला. हा टाळू नका. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १०८ आहे, मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा उजेड दाखवायचा नाही, नंबर प्लेट, रिव्हर्स वगैरे अपवाद सोडून. उघडा हौदा पांढरा लखलखत हायवेला जाताना पोलिसाने हात केला तर माझं नाव सांगू नका, आणि मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात जातं ते वेगळंच.

वायरी चासीच्या आतल्या बाजूने, कंपनीच्या लूमच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या जोडीने न्या, सायलेन्सर आणि स्प्रिंगच्या पाट्यांपासून लांब, फ्लेक्झिबल पाईपात घालून फूटभर अंतरावर टाय. हौद्यात वर येताना भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे काठाला बसणारी कडी, हवाच, नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही, माझी तशीच गेली होती.

अर्थ चासीला, हौद्याला नाही. हौदा बऱ्याचदा लाकडी किंवा रबरी पॅकिंगवर बसवलेला असतो, वर रंगाचे थर, मग लाईट फडफडते आणि लोक मॉड्यूल बदलत बसतात. बोल्टखालचा रंग पार खरवडा, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) लावून आवळा, वरून ग्रीस.

टाय मारायच्या आधी दोन्ही स्विच चारी प्रकारे दाबून बघा.

मागच्या स्विचला रबरी टोपी घाला आणि त्याच्या डबीला तळात एक बारीक भोक पाडा. कितीही सील करा, वॉशिंग सेंटरवाला पोरगा प्रेशरने पाणी आत घालतोच, ते बाहेर यायला वाट पाहिजे.